‘हरकत नाही’ : महाडची नगरपालिका आणि १९२७ साल



आज आपण एका लहान गावाच्या एका वर्षाबद्दल बोलणार आहोत. गाव महाड, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातलं. वर्ष १९२७. एवढं म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चवदार तळं आलं असेल. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. त्याच गोष्टीतल्या एका पात्राकडे मात्र सहसा कोणाचं लक्ष जात नाही, आणि आम्हाला आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका.

बघा, तळं नगरपालिकेचं. ते अस्पृश्यांना वापरू देण्याचा ठराव नगरपालिकेचा. तो ठराव गुंडाळून ठेवला, तोही नगरपालिकेनेच. आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं कोर्टात जो वाद चालला, त्याच्या मुळाशी प्रश्न हाच की तळं नगरपालिकेचं आहे म्हणजे नेमकं कोणाचं आहे?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इतिहास वाचताना एक खोड असते. तारखा वाचता वाचता तो शब्दांपाशी अडतो. महाडच्या प्रकरणात आम्ही अडलो ते दोन साध्या शब्दांपाशी: ‘हरकत नाही.’ सरकारी कचेरीत आपण रोज ऐकतो ते शब्द. आजचं आमचं सगळं बोलणं या दोन शब्दांभोवती आहे, असं समजा.

आधी गाव समजून घेऊ. महाड सावित्री नदीच्या काठी. गांधारी नदी तिथेच सावित्रीला मिळते. रायगड किल्ला जवळ. खाडीच्या वाटेने दासगाव बंदरापर्यंत बोटी यायच्या, घाटाच्या वाटेने देशावरचा माल उतरायचा, त्यामुळे पेठ जुनी आणि जागती. वस्ती सात-आठ हजारांची. ब्राह्मण, कायस्थ प्रभू, गुजर व्यापारी, मराठे, कोकणी मुसलमान, आणि गावाच्या कडेला महारवाडा, चांभारवाडा. शिवाय महाड हे तालुक्याचं ठिकाण. मामलेदार कचेरी इथे, कोर्ट इथे, बाजार इथे. म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक खेड्यातल्या माणसाला कधी ना कधी महाडला यावंच लागे.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. महार हा गावचा वतनदार नोकर. पाटील-कुलकर्ण्यांनी गोळा केलेला सरकारी वसूल तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोहोचवायला महार सोबत जाणार, मामलेदाराचं टपाल घेऊन महारच जाणार. दहा-बारा मैल पायी चालून तो महाडला येई. काम सरकारचं, पण तहान लागली तर सरकारने नगरपालिकेच्या ताब्यात दिलेल्या तळ्यावर त्याला पाणी नाही. बाहेरून आलेल्या माणसाला सहज पाणी मिळावं असं सार्वजनिक ठिकाण गावात ते एकच. अस्पृश्यांसाठी होती ती त्यांच्या वस्तीतली विहीर, पेठेपासून लांब आणि नगरपालिकेच्या हेळसांडीने गाळाने भरलेली. कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरं, पण पडलेलं पाणी समुद्राला जातं. फाल्गुन-चैत्रात कोकणातल्या माणसाला पाण्याची किंमत विचारा.

तळं मोठं. पावसाच्या पाण्यावर आणि काही झऱ्यांवर भरणारं, चहूबाजूंनी बांध घातलेलं. कडेने खाजगी जागेच्या पट्ट्या, त्यांच्यापलीकडे नगरपालिकेचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे स्पृश्य हिंदूंची घरं. तळं कोणी बांधलं, कधी बांधलं, कोणालाच सांगता येत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाडला नगरपालिका आली आणि सरकारने ते तिच्या हवाली केलं. पाणी मुसलमान भरत, ख्रिस्ती माणसाला मनाई नव्हती, गुराढोरांना नव्हती. मनाई फक्त अस्पृश्य हिंदूला. म्हणजे त्याने धर्म बदलला तर त्याच दिवशी त्याला पाणी मिळणार आणि तो हिंदू राहिला तर मिळणार नाही. बाबासाहेबांनी हा विरोध पुन्हा पुन्हा दाखवून दिला आहे, आणि तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याचं उत्तर देता येणार नाही.

आता नगरपालिका ही काय चीज होती ते पाहू. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. लोकांना आपला कारभार आपण करायचं शिक्षण मिळावं, हा त्यातला हेतू. कारभार जरा वेडावाकडा झाला तरी चालेल, लोक शिकतील, अशी त्यामागची धारणा. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण या शाळेत प्रवेश कोणाला? मतदानाचा हक्क मालमत्तेशी आणि कराशी बांधलेला. ज्याचं घर मोठं, ज्याची पट्टी मोठी, त्याचं मत. महारवाड्यातून कितीशी मतं येणार? तेव्हा ‘स्थानिक स्वराज्य’ याचा व्यवहारातला अर्थ त्या त्या ठिकाणच्या वजनदार लोकांचं राज्य असाच होता.

महाड तालुक्याला याचा अनुभव आधीच आला होता. गोपाळबाबा वलंगकर हे या परिसरातलेच, पलटणीतून निवृत्त झालेले, महात्मा फुल्यांच्या विचारांनी भारलेले. १८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक महार माणूस आपल्या शेजारी सभेला बसणार, या कल्पनेनेच वरिष्ठ जातींचे सभासद अस्वस्थ झाले. लक्षात घ्या, पुढच्या सत्याग्रहाच्या बत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. तळ्याच्या आधी खुर्चीचा प्रश्न येऊन गेला होता.

या पार्श्वभूमीवर १९२३ साल येतं. ४ ऑगस्टला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले, तसेच कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, कोर्टं आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या आणि नगरपालिका, लोकल बोर्डं यांच्याकडेही त्या पोहोचल्या.

‘सार्वजनिक पैसा’ या शब्दाकडे लक्ष द्या. बोल्यांच्या ठरावात धर्मशास्त्राचं नाव नाही, दयेचं नाव नाही. ज्या वस्तूवर सगळ्यांचा पैसा खर्च होतो ती वस्तू सगळ्यांची, एवढाच साधा हिशेब आहे. हा हिशेब सत्तावीस वर्षांनी आपल्याला आणखी एका मोठ्या ठिकाणी भेटणार आहे. तिथे येऊच.

महाड नगरपालिकेने हा विषय घेतला आणि ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला. तळं अस्पृश्यांना वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय. झालं. कागद फाइलला लागला. आणि पुढची तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाणी भरायला गेला नाही. कसा जाणार? नगरपालिकेची हरकत नव्हती, पण तळ्याभोवतीच्या घरांची होती. आणि नगरपालिकेत मतं त्याच घरांची होती.

नगरपालिकेने ढोंग केलं का? हा प्रश्न आम्हाला व्याख्यानांतून नेहमी विचारला जातो. आमचं उत्तर असं की सरसकट तसं म्हणणं बरोबर नाही. महाडात सुधारकी विचाराचे लोक होते, आणि ते कारभारातही होते. सुरबानाना टिपणीस यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पुढे ते नगरपालिकेचे अध्यक्षही म्हणून ओळखले गेले आणि या लढ्यात शेवटपर्यंत उभे राहिले. पण संस्थेचा ठराव एका माणसाच्या मनावर चालत नाही. ठराव करणाऱ्यांत काही मनापासून करणारे असतात, काही सरकारची मर्जी राखायला करणारे असतात, आणि बरेचसे ‘होऊ दे ठराव, अंमल कोण करतोय’ असं म्हणणारे असतात. ‘हरकत नाही’ हा शब्द या तिघांनाही सोयीचा. त्यात कोणी काही करायचं नसतं. पाटी लावायची नसते, शिपाई उभा करायचा नसतो, पहिल्या दिवशी स्वतः जाऊन उभं राहायचं नसतं.

मुंबईला हे कळत नव्हतं असं नाही. ५ ऑगस्ट १९२६ ला बोल्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिल्या ठरावाप्रमाणे वागणार नाहीत, त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. म्हणजे तीन वर्षांत ‘सूचना’ पासून ‘पैसे बंद’ पर्यंत गाडी आली. तळ्यावर मात्र पाणी भरायला अजूनही कोणी नवीन माणूस आला नव्हता.

आता १९२७. मार्च महिना, शिमग्याचा सुमार. १९ आणि २० मार्चला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड, म्हणजे त्या भागातले ‘दादासाहेब’ गायकवाड. तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी ही परिषद व्हावी म्हणून फार खटपट केली. सोबत सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. काही हजार माणसं आली, बहुतेक खेड्यापाड्यांतून, बरीच पायी. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत.

आणि या माणसांच्या पिण्याच्या पाण्याचं काय? चरित्रकारांनी नोंद केली आहे की परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपये, १९२७ साली, खेड्यातल्या मजुराच्या दृष्टीने ही लहान रक्कम नाही. गावात नगरपालिकेचं भरलेलं तळं, त्याला तीन वर्षांपूर्वीच्या ठरावाप्रमाणे कोणाची हरकत नाही, आणि तरी चाळीस रुपयांचं पाणी विकत. ‘हरकत नाही’ ची बाजारातली किंमत किती, ती अशी कळते.

पहिल्या दिवशी भाषण झालं. त्यात मेलेल्या जनावराचं मांस सोडा, वतनाच्या चाकरीची आशा सोडा, मुलांना शिकवा, जमीन मिळवा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठराव झाले. आणि आभाराच्या वेळी अनंतराव चित्रे उठले आणि त्यांनी सुचवलं की परिषद इथेच संपवू नये, सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावं. चार-चारच्या रांगा झाल्या. पेठेतून शिस्तीने मिरवणूक गेली. बाबासाहेब पाण्यात उतरले, पाणी घेतलं, मागोमाग बाकीच्यांनी घेतलं, आणि लोक मंडपाकडे परतले.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर त्या सकाळी त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. कागदावरच्या वाक्याचा अर्थ त्याच्या वापराने ठरतो. ५ जानेवारी १९२४ ला नगरपालिकेने जे वाक्य लिहिलं, ते २० मार्च १९२७ ला खेड्यातल्या माणसांनी वाचलं, आणि ते अक्षरशः खरं मानून वागले. त्यांनी कोणता कायदा मोडला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ठरावाची अंमलबजावणी केली. ती नगरपालिकेने करायची होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दोन तासांत गावात हाकाटी पिटली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणाचाही बेत नव्हता. पण जमाव लाठ्याकाठ्या घेऊन निघाला आणि जेवणाला बसलेल्या, गावी परतायला निघालेल्या माणसांवर तुटून पडला. कित्येक जखमी झाले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. प्रतिकार करू शकतील असे पलटणीतले निवृत्त लोक परिषदेत होते, त्यांचे हात शिवशिवत होते, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. आणि जे काही करायचं ते कायद्याने, असं ठरवलं. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

दरम्यान तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढलं, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. यावर हसणं सोपं आहे. पण शुद्धी ही एका अर्थाने त्या लोकांची ठराव करण्याची पद्धत होती. नगरपालिकेच्या सभागृहात लिहिलेला ठराव त्यांनी तळ्याच्या पाण्यावर पुसून काढला. गावात दोन सभागृहं होती असं म्हणा. एकाला कायद्याची मान्यता होती, दुसऱ्याला रूढीची. मार्चपर्यंत ती एकमेकांच्या वाटेत आली नव्हती, कारण पहिल्याने दुसऱ्याच्या हद्दीत प्रत्यक्ष काही केलंच नव्हतं.

आता पहिल्या सभागृहाला निवड करणं भाग होतं. ती त्याने केली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख पुन्हा ऐका: ४ ऑगस्ट. बोल्यांचा पहिला ठराव कौन्सिलात मांडला गेला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली. हा योगायोग असेल, पण इतिहास कधी कधी असे योगायोग आपल्यासाठी ठेवून देतो.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. नगरपालिकेला ठराव रद्द करता कसा आला? कारण तो ‘हरकत नाही’ चा ठराव होता. हरकत नसणं ही देणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. आज हरकत नाही, उद्या असू शकते. जो परवानगी देतो तो ती काढूनही घेतो. हक्काचं तसं नसतं. हक्क मान्य करताना देणाऱ्याला असं म्हणावं लागतं की ही वस्तू माझी नाहीच, मी फक्त राखणदार आहे. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं ‘उघडलं’ असं आपण म्हणतो. पण उघडणारा माणूस स्वतःला मालक समजत होता, आणि मालकाने दार पुन्हा लावलं.

१९२७ च्या पावसाळ्यापासून पुढचा लढा या एका भेदाभोवती फिरतो. तळ्यावर फक्त पाणी प्यायला जायचं नाही, आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला जायचं, असं बाबासाहेबांनी म्हटलं. ३ एप्रिलला सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकातून ते हेच समजावून देत होते. याच काळात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांकडून सूचना आली की सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नका. बाबासाहेबांनी ती मानली नाही. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण माणसाला नाही, असं त्यांचं उत्तर. जो माणूस सार्वजनिक तळ्यासाठी भांडतो, त्याला आपल्या मंडपाच्या दारावर जातीची पाटी लावता येत नाही. त्यांनी ती लावली नाही.

डिसेंबर आला. २५ तारखेपासून सत्याग्रह ठरलेला. गावात जागा मिळेना. अखेर एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली आणि तिच्यावर मंडप पडला. व्यापारी माल विकणार नाहीत म्हणून धान्यधुन्य बाहेरून आणून ठेवलं. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले.

पण त्याआधीच विरोधकांनी वेगळी चाल केली होती. १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात दिवाणी दावा दाखल झाला आणि १४ ला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये. लाठी घेऊन येणारा जमाव आता वकीलपत्र घेऊन आला होता. आम्हाला विचाराल तर ही एका अर्थाने प्रगतीच. लाठीला युक्तिवाद लागत नाही, दाव्याला लागतो. आणि युक्तिवाद एकदा कागदावर आला की त्याला उत्तर देता येतं.

२५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. कोकणातल्या सात-आठ हजार वस्तीच्या गावात, खेड्यातल्या माणसांसमोर, व्हर्सायची गोष्ट! काहींना ती अतिशयोक्ती वाटली. आम्हाला वाटत नाही. माणसं जन्मतः समान आहेत हे तत्त्व जाहीर करणं आणि त्या तत्त्वावर समाज नव्याने बांधणं, हे दोन्ही ठिकाणचं काम एकच होतं. त्याच रात्री सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावाप्रमाणे मनुस्मृतीचं दहन झालं. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने तो ठराव मांडला, हे विसरू नका.

मग तळ्याचं काय? लोक तुरुंगात जायला तयार होते, हजारोंनी नावं दिली होती. कलेक्टरने समजावलं, बाबासाहेबांनी रात्रभर विचार केला, आणि सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. आपलं भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही, कोर्टाचा हुकूम मोडला तर सरकार आपल्या विरोधात उभं राहील, असा विचार. तरुणांना तो कडू लागला. पण मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून, पाण्याला न शिवता, शांतपणे परत आली. ज्या माणसांना गाव ‘शिस्त नसलेले’ म्हणत होतं त्यांनी तहानलेल्या अवस्थेत कोर्टाचा मान राखला, आणि ज्या नगरपालिकेला कायद्याने जन्म दिला तिने आपल्याच ठरावाचा मान राखला नव्हता. नागरिक कोणाला म्हणायचं, याचं उत्तर त्या दिवशी महाडच्या रस्त्यावर मिळालं.

त्याच दिवसांत बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत बोलले. लुगडं नीट नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने सोडा, मुलींना शाळेत घाला. तळ्यावरचा निर्णय कोर्टात अडकला होता, हे निर्णय मात्र बायांच्या स्वतःच्या हातात होते, आणि त्यांनी ते लगेच अमलात आणायला घेतले. वर्षअखेरीला महाड तालुक्यात खरोखर काय बदललं असं कोणी विचारलं, तर तळ्याआधी याकडे बोट दाखवावं लागेल.

दाव्याची हकीकत थोडक्यात सांगतो. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाईहुकूम उठला. मूळ दावा १९३१ साली बाबासाहेबांच्या बाजूने निकालात निघाला. १९३३ साली ठाण्याच्या जिल्हा कोर्टाने अपील फेटाळलं. शेवटचं अपील मुंबई हायकोर्टात, आणि निकाल १७ मार्च १९३७ ला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. तळ्यावरच्या त्या सकाळीला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

वादींचे मुद्दे दोन. एक, तळ्यावर मालकी आमची. दुसरा, मालकी नसली तरी अनादि काळापासून फक्त स्पृश्यांनीच पाणी भरायचं अशी वहिवाट आहे. ‘वहिवाट’ हा शब्द फार सुंदर आणि फार धोक्याचा. ज्या वाटेने माणूस सतत जातो ती वहिवाट, आणि सतत गेल्यामुळे तिला हक्काचं रूप येतं. पण इथे दावा उलटा होता. दुसऱ्याला कधी येऊ दिलं नाही, म्हणून यापुढेही येऊ देणार नाही, हाच आमचा हक्क! कोर्टाने पाहिलं की तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादि वहिवाट सिद्ध होत नाही. घरं तळ्याभोवती वाढली, मग वळण पडलं, मग त्या वळणाला ‘सनातन’ म्हटलं गेलं. आपल्याकडच्या किती रूढींचा जन्मदाखला काढला तर असाच निघेल, याचा विचार आपणच करावा.

एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हा निकाल नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाच्या जोरावर मिळाला नाही. तो ठराव तर केव्हाच रद्द झाला होता. निकाल मिळाला तो तळं सार्वजनिक मालमत्ता आहे या जोरावर. म्हणजे नगरपालिकेची हरकत असो वा नसो, तिच्या मालकीच्या वस्तूवर तिच्याहून मोठा असा एक धनी आहे, आणि त्याचं नाव जनता. ‘हरकत नाही’ पासून ‘हक्क आहे’ पर्यंतचं अंतर गावाच्या पेठेतून तळ्यापर्यंत दहा मिनिटांचं. महाडला ते चालायला तेरा वर्षं लागली.

आता बोल्यांच्या त्या हिशेबाकडे परत येतो. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या आपल्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद उघडा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या किंवा सर्वांसाठी अर्पण केलेल्या अशा जागांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणावर बंधन घालता येणार नाही. राष्ट्राच्या संविधानात विहीर आणि तलाव कशाला, असं वाटू शकतं. महाडचं १९२७ साल माहीत असलेल्याला तसं वाटणार नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष त्या तळ्यात उतरून आले होते. आणि तिथे शब्द ‘हरकत नाही’ असा नाही. बंधन घालता येणार नाही, असा आहे.

मग स्थानिक स्वराज्याबद्दल आपण काय म्हणावं? खेड्याच्या, गावाच्या स्वयंशासनाबद्दल गोड बोलण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब खेड्याबद्दल इतके कठोर बोलले, याचं अनेकांना आजही वाईट वाटतं. आमचं म्हणणं इतकंच की त्या कठोरपणामागे महाड नगरपालिकेचं इतिवृत्त होतं. सत्ता जवळ आणली की ती आपोआप न्यायी होत नाही. जवळची सत्ता जवळच्या बलवानाच्या हातात पटकन जाते. म्हणून तिला दोन गोष्टी लागतात: वरून संविधानाचा धाक आणि खालून, ठराव खरा मानून चालत येणारी माणसं. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी नगरपालिकांत आणि पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा दिल्या, म्हणजे १८९५ सालच्या वलंगकरांच्या खुर्चीचा प्रश्न कायद्याने सोडवला. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला ध्वजवंदनाला जमिनीवर बसवणारी गावं अजून आहेत, हे तुम्ही आम्ही वर्तमानपत्रात वाचतोच.

तेव्हा एक विनंती करतो. आपल्या गावच्या नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं ठरावबुक कधी तरी मागून वाचा. माहिती अधिकारात ते मिळतं. स्मशानभूमी, नळकोंडाळं, समाजमंदिर, रस्ता, या विषयांवरचे ठराव काढा. किती ठिकाणी ‘हरकत नाही’ लिहिलं आहे ते मोजा, आणि मग त्या जागेवर जाऊन कोण पाणी भरतंय ते बघा. कागद आणि जागा यांत जेवढं अंतर दिसेल, तेवढं आपल्या गावात १९२७ अजून शिल्लक आहे असं समजा.

प्रश्नांसाठी वेळ ठेवायला हवा, म्हणून आम्ही इथेच थांबतो.